पालखेड आणि ताल्लिन : बलाढ्य शेजारी व घरातील दुही

वैजापूर तालुक्यातील पालखेडचे नाव मराठ्यांच्या इतिहासाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत येते. परंतु ते नकाशावर दाखविण्याची वेळ आली की पुष्कळांचे बोट नाशिक जिल्ह्याकडे वळते. तेथेही एक पालखेड आहे आणि धरणामुळे ते अधिक परिचित झाले आहे. जुन्या गणनेनुसार २५ फेब्रुवारी १७२८ रोजी निजामुल्मुल्क ज्या जागी कोंडला गेला, ते पालखेड गोदावरीच्या उत्तरेस, वैजापूरच्या पूर्वेला व दौलताबादेच्या पश्चिमेला आहे. ही चूक केवळ भूगोलाची नाही. नदी ओलांडून आलेले आणि आपल्या राजधानीपासून थोड्याच मजलांवर असलेले सैन्य नदीलाही मुकले आणि राजधानीलाही मुकले, हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. जागा चुकली की तो गाभाच हरवतो.

पालखेडची मोहीम सामान्यतः घोडदळाच्या वेगाची कथा म्हणून सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी याने आपल्या युद्धशास्त्राच्या इतिहासात तिचा गौरव केल्यापासून तर ही दृष्टी पक्की होऊन बसली आहे. ती खोटी आहे असे नव्हे. परंतु अपुरी आहे. १७२७ मध्ये शाहूच्या राज्यावर जे संकट आले त्याचा आरंभ रणांगणावर झाला नव्हता. तो एका कायदेशीर प्रश्नाने झाला होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पालखेडला अर्धेच मिळाले.

१७१९ च्या मार्च महिन्यात बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. ह्या सनदांनी शाहूच्या राज्याला बादशाही मान्यतेचे अधिष्ठान लाभले. परंतु तिचा अर्थ लावण्याचा अधिकार दक्षिणेत जो सुभेदार असेल त्याच्याकडे जाण्याचा धोकाही त्यातच दडलेला होता. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून निजामुल्मुल्क दक्षिणेचा व्यवहारतः स्वतंत्र अधिपती झाला. पुढील दोन-तीन वर्षे त्याचे व बाजीरावाचे संबंध वरवर सलोख्याचे राहिले. कर्नाटकातील स्वाऱ्यांत दोन्ही सैन्ये बरोबरही होती. मग निजामाने आपला डाव मांडला. छत्रपतींच्या गादीवर शाहू व कोल्हापूरचे संभाजीराजे असे दोघे हक्क सांगतात. तेव्हा चौथाईची रक्कम कोणाला द्यावयाची, हे बादशहाचा प्रतिनिधी म्हणून आपण ठरवू व तोवर वसुली थांबेल, अशी त्याची भूमिका होती. संभाजीराजे त्याला जाऊन मिळाले. चंद्रसेन जाधवासारखे शाहूवर रुष्ट झालेले सरदार आधीपासून त्याच्या पदरी होतेच.

ह्या डावात आक्रमण कोठेच दिसत नाही. शेजारी केवळ न्यायनिवाडा करू इच्छितो. भांडण घरच्यांचेच आहे. पैसाही बुडविलेला नाही, फक्त अडवून ठेवलेला आहे. साताऱ्याच्या दरबारातही ही भाषा काहींना पटली होती. प्रतिनिधींचा कल निजामाशी देवाणघेवाण करून वाद मिटविण्याकडे होता आणि स्वतः शाहूचे मनही काही काळ दोलायमान राहिले. बाजीरावाचे खरे श्रेय येथून सुरू होते. राज्याचा धनी कोण हे शेजाऱ्याने ठरवावयाचे, हे एकदा मान्य केल्यावर राज्य उरत नाही, ही गोष्ट त्याने वेगळी काढून शाहूपुढे ठेवली.

ह्या डावाची जात नीट ओळखावयाची तर दूरच्या व अगदी वेगळ्या काळातील एका राष्ट्राचा इतिहास उपयोगी पडतो. बाल्टिक समुद्राच्या काठावरील एस्टोनिया हे सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटरांचे व जेमतेम १३ लाख वस्तीचे राष्ट्र. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी त्याने स्वातंत्र्य घोषित केले, ते लढून टिकविले, आणि २ फेब्रुवारी १९२० च्या तार्तूच्या तहाने सोव्हिएत रशियाने ते कायमचे मान्य केले. ‘कायमचे’ हा शब्द वीस वर्षे टिकला. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघ ह्यांनी गुप्तपणे पूर्व युरोपची वाटणी केली. २८ सप्टेंबर १९३९ रोजी एस्टोनियाला ‘परस्पर साहाय्याचा’ करार करून आपल्या भूमीवर सोव्हिएत लष्करी तळ द्यावे लागले. जून १९४० मध्ये निर्वाणीचा खलिता आला आणि ६ ऑगस्टला ते राष्ट्र सोव्हिएत संघात विलीन करण्यात आले. येथेही प्रत्येक पायरीला कायद्याचे वस्त्र होते. एस्टोनियाने ह्या वेळी शस्त्र उचलले नाही, आणि उचलले असते तर काय झाले असते ह्या प्रश्नावर त्या देशातील विचारवंत आजही एकमताने बोलत नाहीत.

सोव्हिएत अमदानीने मागे ठेवलेला वारसा अधिक गुंतागुंतीचा होता. हद्दपारी, युद्ध आणि बाहेरून आलेले कामगार ह्यांमुळे लोकसंख्येची घडणच बदलली : १९३४ मध्ये देशात एस्टोनियन लोकांचे प्रमाण सुमारे ८८ टक्के होते, ते १९८९ मध्ये सुमारे ६१ टक्क्यांवर आले. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य परत मिळाले, १९९४ च्या ऑगस्टअखेर रशियन फौजा गेल्या, २००४ मध्ये एस्टोनिया नाटो व युरोपीय संघ ह्या दोहोंत दाखल झाला. पण रशियन भाषा बोलणारा मोठा समाज देशातच होता, आणि त्याची इतिहासाची आठवण निराळी होती. राजधानी ताल्लिनमध्ये १९४७ साली उभारलेला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा एका समाजाला फॅसिझमवरील विजयाचे स्मारक वाटे, दुसऱ्याला परक्या सत्तेची खूण. एप्रिल २००७ च्या अखेरीस सरकारने तो शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलविला तेव्हा दोन रात्री दंगल झाली, आणि त्याबरोबरच शासनाच्या, बँकांच्या व वृत्तपत्रांच्या संगणकांवर मागण्यांचा असा भडिमार सुरू झाला की ती जाळी कोलमडू लागली. हा प्रकार सुमारे तीन आठवडे चालला. बँकांचे व सरकारी कामकाज त्या काळातच बहुतांशी संगणकांवर नेलेल्या देशाला हा मोठाच आघात होता. काही ठिकाणी देशाबाहेरून येणारी वाहतूकच तोडून टाकणे भाग पडले. हल्ल्यामागे रशियन शासनाचा हात असल्याचा आरोप झाला, रशियाने तो नाकारला, आणि निर्णायक पुरावा पुढे आला नाही. निजामाने स्वतः कोठे स्वारी केली होती? तोही केवळ वारसाहक्काची चौकशी करीत होता.

तुलना येथवरच नेली पाहिजे. चौथ ही निजामाच्या मुलखातून मराठ्यांनी घ्यावयाची वसुली होती. त्याच्या बाजूने पाहता अतिक्रमण मराठ्यांचेच होते, आणि आपल्या सुभ्याचा चौथा हिस्सा दुसऱ्याला देण्याचे टाळावयास त्याने जो मार्ग मिळेल तो धरला असता तर त्यात नवल नव्हते. एस्टोनियाने रशियाकडे असे काहीही मागितलेले नाही. शिवाय १७२७ मधील मराठी राज्य वाढते होते. त्याला लहान म्हणावयाचे ते मोगली सुभ्याच्या साधनसंपत्तीच्या, विशेषतः तोफखान्याच्या, मानाने. साम्य आहे ते बलाढ्य शेजाऱ्याच्या पहिल्या हत्याराबाबत. ते हत्यार म्हणजे घरातील दुही. आणखी एक साम्य आहे, पण ते उलट्या बाजूचे : दोन्ही ठिकाणी आघात सैन्यावर न होता त्याला जगविणाऱ्या वाटांवर झाला. ताल्लिनमध्ये त्या वाटा दुर्बलाच्या होत्या; पालखेडला त्या प्रबळाच्या होत्या.

१७२७ चा पावसाळा संपताच बाजीराव निघाला. जालना व सिंदखेडचा प्रदेश त्याने लुटला, औरंगाबादेच्या बाजूला निजामाचा सरदार ऐवजखान ह्याच्याशी चकमक दिली, मग खानदेशात शिरून बुऱ्हाणपूरची हूल उठविली आणि अकस्मात गुजरातेत उतरला. पाठलाग करणाऱ्या निजामाच्या लक्षात आले की ह्या शत्रूला गाठणे शक्य नाही. तेव्हा त्याने त्याला खेचून आणण्याचे ठरविले व मोर्चा पुण्याकडे वळविला. पुणे प्रांतातील ठाणी पडली आणि संभाजीराजांची द्वाही छत्रपती म्हणून पुण्यात फिरविण्यात आली. संकटाचे राजकीय टोक ते हेच. चिमाजी आप्पा शाहूला घेऊन पुरंदरावर होता. पेशव्याचे स्वतःचे ठाणे शत्रूच्या हातात होते. अशा वेळी पुण्याच्या बचावासाठी परतणे हेच कोणाही सेनापतीला सुचले असते, आणि निजामाची अपेक्षाही तीच होती. बाजीराव परतला नाही. गुजरातेतून तो थेट औरंगाबादेच्या रोखाने निघाला.

आता खेचले जाण्याची पाळी निजामाची होती. राजधानी वाचविण्यासाठी त्याने पुणे सोडले, वेगासाठी जड तोफा मागे ठेवल्या आणि गोदावरी ओलांडली. ज्या तोफखान्यामुळे तो मराठ्यांपेक्षा प्रबळ होता तोच त्याच्यापाशी राहिला नाही. हा वैजापूर-गंगापूरकडचा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तेथील ओढे आटतात आणि पाणी विहिरींपुरते उरते, हे त्या भागात एक वर्ष काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मराठ्यांच्या टोळ्यांनी छावणीभोवती वेढा आवळला, दाणावैरण तोडली, पाण्याच्या जागा धरल्या. बाहेर बातमी जाईना, बाहेरून मदत येईना. मोठी लढाई झालीच नाही असे म्हटले तरी चालेल. पालखेडला मृतांच्या राशी शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. ऐवजखानामार्फत बोलणी सुरू झाली, छावणीला पाण्यापर्यंत जाऊ देण्यात आले, आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला.

तहाची कलमे वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. शाहू हाच एकटा छत्रपती, ही मान्यता निजामाने दिली. थकलेली चौथ-सरदेशमुखी द्यावयाची व हुसकावलेले मराठी कमाविसदार पुन्हा आपल्या जागी बसवावयाचे ठरले. म्हणजे मूळ प्रश्नच मागे घेण्यात आला. परंतु प्रदेशाची मोठी उलथापालथ झाली नाही. ज्या भूमीवर निजाम हरला ती त्याच्याच घराण्याकडे राहिली, आणि मधले काही फेरफार सोडले तर वैजापूरचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आसफजाही राज्यातच होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संभाजीराजांना ताब्यात देण्याची मागणी निजामाने मान्य केली नाही. त्यांना सुखरूप पन्हाळ्यास जाऊ द्यावे, एवढ्यावर समेट झाला. डाव मोडला, पण ज्या सोंगटीवर तो उभा होता ती पटावरच राहिली.

पालखेडनंतरची तीन वर्षे ग्रंथांत फार घाईने उरकली जातात. निजाम स्वस्थ बसला नव्हता. ह्या वेळी त्याला त्र्यंबकराव दाभाडे सापडला. गुजरातच्या हक्कांवरून पेशव्यावर चिडलेला हा शाहूचा सेनापती निजामाशी संधान बांधून उभा राहिला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत मारला गेला. शाहूच्याच पेशव्याने शाहूच्याच सेनापतीशी लढावे, ह्यात पालखेडच्या विजयाची मर्यादा स्पष्ट होते. मग त्याच महिन्याच्या १३ तारखेला वारणेचा तह झाला. संभाजीराजे आदल्या वर्षी प्रतिनिधींकडून पराभूत झाले होते. तरीही शाहूने त्यांचे राज्य बुडविले नाही. वारणेच्या दक्षिणेचा प्रदेश त्यांना तोडून दिला, कोल्हापूरची गादी मान्य केली आणि परराज्यांशी असलेल्या व्यवहाराचे धागे आपल्या हाती ठेवले. ह्या तहाला रणवाद्यांची साथ नव्हती व बाजीरावाचे नाव त्याच्याशी सहसा जोडले जात नाही. मराठी राज्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने मात्र तो मुंगी-शेवगावहून कमी ठरत नाही. कदाचित त्याला वरचे स्थान द्यावे लागेल. कारण बाहेरच्याने पुन्हा विचारावा असा वारसाहक्काचा प्रश्नच त्याने उरू दिला नाही.

एस्टोनियाने २००७ नंतर पहिले काम झपाट्याने केले. २००८ मध्ये ताल्लिन येथे नाटोचे सायबर संरक्षण केंद्र स्थापन झाले; नोकरीधंदा सांभाळून देशाच्या जाळ्यांचे रक्षण करणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक तेथील संरक्षण-संघात उभे राहिले; शासनाच्या महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती लक्झेम्बर्गमध्ये ठेवण्याचा करार २०१७ मध्ये झाला, म्हणजे भूमी गेली तरी दप्तर जाणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक राष्ट्रांनी सोव्हिएत काळापासूनच्या सामाईक वीजजाळ्यातून अंग काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये नार्व्हा ह्या सीमेवरील शहरातून सोव्हिएत रणगाड्याचे स्मारक हलविण्यात आले तेव्हा पुन्हा मोठा सायबर-हल्ला झाला, परंतु त्याचा उपद्रव अल्प राहिला. वाटांचे रक्षण साधले. दुसरे काम, वारणेचे काम, तेथे अजून चालू आहे. नार्व्हाची बहुसंख्य प्रजा रशियन भाषिक आहे, आणि रशियन माध्यमाच्या शाळा एस्टोनियन भाषेत आणण्याचा २०२४ पासून अमलात येऊ लागलेला निर्णय दुही सांधील की रुंदावील, ह्याविषयी त्या देशातच दोन मते आहेत. रशियाशी सीमेचा करार २०१४ मध्ये दुसऱ्यांदा सह्या होऊनही मान्यतेवाचून पडून आहे.

१७३७ च्या अखेरीस निजामुल्मुल्क बादशहाच्या वतीने मोठी फौज घेऊन पुन्हा बाजीरावावर चालून आला. भोपाळपाशी मराठ्यांनी त्याला पालखेडच्याच रीतीने कोंडले, रसद तोडली आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराईसराईस तह लिहून घेतला. ह्या खेपेस तोफखाना त्याने बरोबर आणला होता; त्याच्या छावणीत दुसरा छत्रपती मात्र नव्हता.