नॉर्मल्मस्तोर्यचा वेढा आणि एका संज्ञेचा जन्म

एखादी संज्ञा रूढ झाली, की ती ज्या घटनेतून जन्मास आली त्या घटनेचे परीक्षण बहुधा थांबते. ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ ही अशीच एक संज्ञा होय. ओलीस ठेवलेल्या व्यक्तीस तिला कोंडणाऱ्याविषयी वाटू लागलेली आपुलकी, हा तिचा रूढ अर्थ; आणि ही आपुलकी म्हणजे मनाची विकृती, हे तिचे गृहीत. मूळ घटनाक्रमाच्या कसोटीवर हे गृहीत कितपत टिकते, हे पाहणे अगत्याचे आहे.

दि. २३ ऑगस्ट १९७३ रोजी यान-एरिक ओल्सॉन स्टॉकहोमच्या नॉर्मल्मस्तोर्य चौकातील क्रेडिटबँकेन या बँकेत शिरला. तुरुंगातून रजेवर सुटलेला हा कैदी परत गेलाच नव्हता. सबमशीनगनमधून छताकडे गोळ्या झाडून त्याने बँक ताब्यात घेतली. अखेरीस तीन स्त्रिया व एक पुरुष असे चार कर्मचारी त्याचे ओलीस ठरले. तीस लाख क्रोनर, शस्त्रे, वेगवान मोटार आणि कैदेत असलेला क्लार्क ओलोफ्सॉन, या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. शासनाने ओलोफ्सॉनला बँकेत आणून सोडले. तथापि ओलिसांना बरोबर घेऊन निघून जाण्याची मुभा मात्र साफ नाकारली. वाटाघाट अडली ती याच मुद्द्यावर. दि. १६ सप्टेंबर रोजी सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती आणि दूरचित्रवाणीवरून सारा देश हा वेढा पाहत होता. अशा वेळी माघार घेणे शासनास सोपे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओलिसांपैकी एका तरुणीने पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी दूरध्वनीवरून दीर्घ संभाषण केले. दरोडेखोरांचे भय आपणांस वाटत नाही, भय वाटते ते पोलिसांच्या हल्ल्याचे. यास्तव त्यांच्याबरोबर आम्हांस जाऊ द्यावे, असे तिचे म्हणणे होते. विकृतीचा पुरावा म्हणून पुढे हेच संभाषण वारंवार पुढे करण्यात आले. परंतु त्यानंतर काय घडले? ओलीस व दरोडेखोर तिजोरीच्या खोलीत असताना पोलिसांनी तिचे दार बाहेरून बंद केले. पुढे वरच्या मजल्यावरून छताला भोके पाडण्यास आरंभ झाला. वायू सोडला जाईल हे ओळखून ओल्सॉनने ओलिसांच्या गळ्यांत फास अडकविले. वायूने शुद्ध हरपताच ओलीस त्या फासांत लटकून गुदमरावेत, अशी ही योजना होती. अशा स्थितीत पोलिसांच्या चढाईचे भय हा भ्रम नव्हता. दोन संकटांपैकी अधिक निकटचे कोणते, याचा तो हिशेब होता.

दि. २८ ऑगस्ट रोजी वायू सोडण्यात आला आणि थोड्याच वेळात दरोडेखोर शरण आले. एकही ओलीस प्राणास मुकला नाही. पोलिसांच्या पदरी हे श्रेय टाकणे भाग आहे. बाहेर पडतानाही ओलिसांनी आधी निघण्याचे नाकारले. आपण दूर होताच दरोडेखोरांवर गोळ्या झाडल्या जातील, अशी त्यांना धास्ती होती. निरोप घेताना त्यांनी दरोडेखोरांना आलिंगनही दिले. सहानुभूती होती, हे यावरून निर्विवाद ठरते. प्रश्न आहे तो तिचा अर्थ कोणी लावला, हा.

तो लावला मनोरोगतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी. वेढ्याच्या काळात ते पोलिसांचेच सल्लागार होते. ज्या कृतीविषयी ओलिसांनी अविश्वास प्रकट केला, त्याच कृतीच्या सल्लागाराने त्या अविश्वासास रोगाचे नाव दिले. स्वीडनमध्ये ‘नॉर्मल्मस्तोर्य सिंड्रोम’ म्हणून प्रचलित झालेली ही संज्ञा परदेशांत स्टॉकहोमच्या नावाने पसरली. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञ संघटनेच्या मनोविकारांच्या वर्गीकरणात मात्र तिला स्वतंत्र व्याधीचे स्थान मिळालेले नाही. न्यायालयातही चित्र इतके सरळ नव्हते: ओल्सॉनला दहा वर्षांची शिक्षा झाली, उलट आपण ओलिसांच्या रक्षणासाठीच आत वावरलो, असे सांगणारा ओलोफ्सॉन या प्रकरणातील आरोपांतून अपिलात सुटला.

वाटाघाटीचा इतिहास सामान्यतः दोन पक्षांचा लिहिला जातो: दरोडेखोर आणि शासन. नॉर्मल्मस्तोर्यच्या त्या सहा दिवसांत तिसराही पक्ष होता, त्याला स्वतःची मागणी होती आणि ती त्याने थेट पंतप्रधानांपुढे मांडली होती. ती अमान्य करण्यास शासनापाशी सबळ कारणे असू शकतील. परंतु मागणी अमान्य करणे वेगळे आणि मागणी करणाऱ्यास रुग्ण ठरविणे वेगळे. या प्रकरणाच्या अभ्यासकाने ही संज्ञा निष्कर्ष म्हणून न स्वीकारता, एका पक्षाची साक्ष म्हणूनच तपासली पाहिजे.