पाळ कोणी राखायची?
चंद्रपूर-गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गाळाने भरले. याचे मुख्य कारण मला बांधणीत नव्हे, मालकीत दिसते. बांधणी चोखच होती: वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालचा तलाव झेलायचा. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन ‘तुकूम’ म्हणून मिळे. पाळ फुटली तर त्याचेच धान बुडे, म्हणून डागडुजी त्याच्या हिताची होती. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या, हाती असलेले हे तलाव १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने सरकारजमा झाले. मालगुजारी शोषक होती, हा आक्षेप खराच. तिच्यासाठी कोणी हळहळू नये. पण मालगुजार गेल्यावर त्याचे काम थेट धान पिकवणाऱ्यांच्या हाती सोपवता आले असते. ते गेले सरकारी खात्यांकडे, ज्यांचे पोट त्या पाळीवर अवलंबून नव्हते.