ओझे वाहणाऱ्यांची पाटी

रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात सम्राट पीटरचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यासाठी निवडलेला ग्रॅनाइटचा खडक सुमारे १,२५० टनांचा होता. १७६९-७० मध्ये तो समुद्रापर्यंत ओढत नेला. खोबणीत ब्राँझचे गोळे, त्यांवर खडक आणि दोरखंड गुंडाळणारे रहाट फिरवायला शेकडो माणसे. सहा किलोमीटरला कित्येक महिने लागले. सम्राज्ञी कॅथरीनने या पराक्रमाचे पदक पाडले. रहाट फिरवणाऱ्यांची नावे त्यावर नाहीत.

यानंतर अडीचशे वर्षांनी, ८ जुलै २०१९ रोजी, आपल्या अंबरनाथहून असेच एक ओझे निघाले. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचे ते ऑटोक्लेव्ह. म्हणजे उष्णता आणि दाब देऊन हलके पण मजबूत भाग घडवणारी प्रचंड भट्टी. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. आपला साधा दोनपदरी रस्ताच सात मीटरचा! यंत्र सुटे करून नेता येत नव्हते. म्हणून ७४ चाकांचे वाहन आले.

एवढी चाके कशासाठी? वजन वाटून घेण्यासाठी. अवजड मालाच्या हायड्रॉलिक ट्रेलरमध्ये चाकांवरचे तेलाचे सिलिंडर नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेले की तेल तिकडे सरकते. सगळा भार कुणा एकावर पडत नाही.

या प्रवासात बरोबर तीसेक माणसे होती. कुठे रस्ता दुरुस्त करायचा, कुठे फांद्या छाटायच्या, कुठे विजेच्या तारा बाजूला घ्यायच्या, मग वाहन पुढे. दिवसाला सरासरी पाच किलोमीटरही नाही; बैलगाडी याहून लवकर पोचली असती. गणपती आले, दिवाळी गेली, ओझे वाटेतच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वाहन आंध्र प्रदेशात अडकले. ती ईदही वाटेतच गेली. सुमारे १,७०० किलोमीटर कापून जुलै २०२० मध्ये यंत्र मुक्कामी पोचले.

बातम्यांत टन आले, मीटर आले, चाकेही मोजून आली. माणसांचा बहुतेक ठिकाणी आकडाच आला. यंत्रावर ते बनवणाऱ्याच्या नावाची पाटी असते. तिच्याखाली, ते आणून पोचवणाऱ्यांच्या नावांची आणखी एक पाटी बसवायला अशी कितीशी जागा लागणार आहे?