दाखलखारीज रजिस्टर आणि विशेष शाळा

शाळेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने प्रथम तिचे दाखलखारीज रजिस्टर उघडावे. (दाखल व खारीज हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, पण मराठी शाळेत पुरते मुरलेले.) मूल कोणत्या गावाहून आले, कितव्या वर्षी आले, का गेले, हे सारे त्यात सापडते. मात्र जे मूल शाळेपर्यंत पोचलेच नाही, त्याच्यासाठी त्यात रकाना नसतो. अंध व मूकबधिर मुलांच्या शाळांबाबत ही उणीव फार मोठी आहे.

आपल्या भागात या शिक्षणाचा विषय निघाला की वरोऱ्याचे आनंदवन आठवते. १९५१ मध्ये बाबा आमटे सहा कुष्ठरुग्णांसह तेथील माळावर राहावयास गेले. १९६४ मध्ये तेथे महाविद्यालय निघाले आणि ज्यांची सावलीही गाव टाळीत असे, त्यांच्या दारी धडधाकट मुले शिकावयास आली. अंध मुलांचे निवासी विद्यालय साठच्या दशकातले, मूकबधिरांचे ऐंशीच्या दशकातले.

अशा शाळांचा पट रोगांच्या इतिहासाबरोबर बदलतो. पूर्वी देवीने कित्येक बालकांचे डोळे जात. देवीचा भारतातील शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ चा, नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ चा. ती मुले आता येत नाहीत, हे आनंदाचेच.

पण इतर मुले कमी का येतात? १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी अंतर तेवढेच राहिले. भामरागडकडच्या हेमलकशाहून आनंदवन सुमारे अडीचशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाट बंद. घरी माडिया बोलणाऱ्या अंध मुलाला एवढ्या दूर, परक्या भाषेत, वसतिगृहात कोण धाडील? मुलीला तर नाहीच. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांत (आज दिव्यांग म्हणतात) पुरुष दीड कोटी आणि स्त्रिया १ कोटी १८ लाख भरल्या. स्त्रिया खरोखरच इतक्या कमी, की घरच्यांनी त्या मोजूच दिल्या नाहीत, हा प्रश्न मला छळतो.

आपल्या मोहल्ल्यांतही हेच घडते. वास्तविक हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम अंध असूनही मदिनेत अजान देत, हे आपण मुलांना सांगतो. उर्दूची ब्रेललिपीही आहे. छापील उर्दू उजवीकडून वाचतात, ब्रेल मात्र डावीकडून उजवीकडे. २०१६ च्या कायद्याने ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण मूल आधी ओळखावयास हवे, आणि ते काम साध्या शाळेतील शिक्षकाचे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचे न लिहिता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवी. मी त्याला आळशी म्हणत असे. त्याला फळा दिसतच नव्हता, हे तो शाळा सोडून गेल्यावर त्याच्या वडिलांकडून कळले. रजिस्टरात सोडण्याचे कारण ‘सतत गैरहजर’ असे आहे. अक्षर माझे आहे.