हरल्यावर खुर्ची सोडणारे कौंडा

आफ्रिकेतला राष्ट्राध्यक्ष म्हटलं की आपल्याकडे इदी अमीन आठवतो, फार तर मुगाबे. झांबियाच्या केनेथ कौंडांचं नाव कुणी काढत नाही. तेही काही साधुसंत नव्हते. म्हणूनच त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

जन्म १९२४ चा. वडील मिशनचे धर्मोपदेशक, शेजारच्या न्यासालँडमधून, म्हणजे आजच्या मलावीतून आलेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कौंडा आधी शाळामास्तर, मग चळवळीत. गांधीजींना मानणारे. इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आले आणि १९६४ मध्ये स्वतंत्र झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा देशात पदवीधर जेमतेम शंभर. निर्यातीचा जवळजवळ सगळा पैसा एकट्या तांब्यातून. सुरुवातीला तांब्याला भाव होता, तेव्हा शाळा, दवाखाने, विद्यापीठ उभं राहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या राजवटीशी लढणाऱ्यांना त्यांनी लुसाकात आसरा दिला आणि त्याचे चटकेही सोसले.

पण घरात काय चाललं होतं? सायमन कापवेपवे हा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, उपराष्ट्राध्यक्ष राहिलेला. त्याने १९७१ मध्ये वेगळा पक्ष काढला. काही महिन्यांत पक्षावर बंदी आणि मित्र कोठडीत! १९७२ च्या अखेरीस कायदाच झाला, देशात एकच पक्ष. पुढच्या निवडणुकांत राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एकच, मतदाराने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. शिवाय इंग्रजांनी जाता जाता १९६४ मध्ये लावलेली आणीबाणी कौंडांनी उठवलीच नाही. २७ वर्षं! खटला न चालवता माणूस आत टाकायची सोय होती ना. १९८१ मध्ये फ्रेडरिक चिलुबा नावाचा कामगार पुढारी असाच आत गेला.

७५ च्या सुमारास तांब्याचा भाव पडला. कर्ज वाढलं, नाणेनिधीच्या अटी आल्या. मक्याचं पीठ म्हणजे तिथली भाकरीच. जून १९९० मध्ये त्याचा भाव दुपटीहून जास्त झाला आणि लुसाकात दंगली पेटल्या, माणसं मेली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला एका लेफ्टनंटने रेडिओवरून ‘सत्ता आम्ही घेतली’ असं सांगितलं. बंड काही तासांत मोडलं. पण तेवढ्या वेळात लोक रस्त्यावर येऊन नाचले. कौंडांना खरा धक्का त्या नाचाचा बसला असणार, असं मला वाटतं.

त्यांची मुदत १९९३ पर्यंत होती. फौज हाताशी, कायदाही आपलाच. ढकलता आलं असतं. पण त्यांनी एकपक्षीय कायदा मागे घेतला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये निवडणूक लावली. समोर तोच चिलुबा. त्याला सुमारे ७६ टक्के मतं, कौंडांना २४. कौंडांनी टीव्हीवर येऊन हार कबूल केली, चिलुबाचं अभिनंदन केलं आणि राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान सोडलं. फेरमोजणी नाही, ‘मतं चोरली’ची बोंब नाही.

इथवर गोष्ट छान आहे. पुढचं ऐका.

चिलुबाने आल्या आल्या आणीबाणी उठवली खरी. पण कौंडा पुन्हा उभे राहणार म्हटल्यावर १९९६ मध्ये घटना बदलून घेतली: उमेदवाराचे आई-बाप दोघंही झांबियाचेच हवेत. वडील मलावीचे, संपला विषय. १९९७ मध्ये लष्करी बंडाचा एक प्रयत्न फसला, चिलुबाने पुन्हा आणीबाणी लावली आणि ऐन नाताळच्या दिवशी ७३ वर्षांच्या कौंडांना उचललं. त्यांनी तुरुंगात उपोषण केलं. टांझानियाचे न्येरेरे स्वतः येऊन भेटले. पुढे १९९९ मध्ये कोर्टाने तर सांगितलं की हा माणूस झांबियाचा नागरिकच नाही. ज्याने २७ वर्षं देश चालवला तो! पुढच्या वर्षी नागरिकत्व परत मिळालं.

चिलुबाला सोडून मी हे सांगत नाही, पण माणसाला उचलून आत टाकायची ही वाट मळलेली कुणी होती? कापवेपवेला विचारा.

आणि तरीही ९१ ची ती रात्र पुसली गेली नाही. २००१ मध्ये चिलुबाला तिसऱ्यांदा उभं राहायचं होतं. लोक, चर्च, वकील आणि त्याच्याच पक्षातले नेते आडवे आले, त्याला गप बसावं लागलं. २०११ मध्ये सत्तेवरचे रुपिया बांदा हरले आणि गेले. जून २०२१ मध्ये ९७ व्या वर्षी कौंडा वारले. त्यानंतर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. एडगर लुंगू हरले. आधी थोडी कुरकुर केली, मग टीव्हीवर येऊन त्यांनी विजयी उमेदवाराचं अभिनंदन केलं.