दातांचा डॉक्टर महापौर झाला, पण एका दौऱ्याने त्याची खुर्ची हलली

आपल्याकडे महापौर म्हटलं की मानाचं पद. खरा कारभार आयुक्त बघतात. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सिएटल शहरात महापौराच्या हातात पोलीसप्रमुखाची नेमणूक होती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

महापौराचं नाव एडविन ब्राऊन. व्यवसाय दातांच्या डॉक्टरचा. लोक त्यांना ‘डॉक’ ब्राऊन म्हणायचे. (हो, ‘बॅक टू द फ्युचर’मधला शास्त्रज्ञही डॉक ब्राऊनच, पण त्याचा इथे काही संबंध नाही.) पूर्वी हे समाजवादी. वॉशिंग्टन राज्याच्या समाजवादी पक्षात जहाल आणि मवाळ असे दोन गट भांडत होते, त्यातल्या मवाळांचे ब्राऊन हे पुढारी.

१९२२ साली ते महापौर झाले आणि १९२४ साली पुन्हा निवडून आले. काळ दारूबंदीचा. बंदी कागदावर, दारू मात्र शहरभर. खुद्द पोलीस खात्यातून काढलेला रॉय ऑल्मस्टेड हा सिएटलमधला सगळ्यात मोठा दारू तस्कर होता, यावरून काय ते समजा.

तर झालं असं की, जून १९२४ मध्ये ब्राऊन डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला गेले. हे अधिवेशन इतकं रेंगाळलं की उमेदवार ठरायला १०३ वेळा मतदान घ्यावं लागलं.

इकडे नगरपरिषदेच्या अध्यक्षा बर्था नाईट लँडिस हंगामी महापौर झाल्या. पोलीसप्रमुख सेवेरिन्स यांनीच आधी जाहीरपणे म्हटलं होतं, की माझ्या खात्यात शंभर पोलीस भ्रष्ट आहेत. लँडिसबाईंनी फर्मावलं, मग काढा त्यांना. साहेबांनी ऐकलं नाही. बाईंनी पोलीसप्रमुखालाच घरी बसवलं!

ब्राऊन धावतपळत परतले आणि सेवेरिन्स यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं. अधिकार त्यांचाच होता, पण लोकांच्या मनात प्रश्न राहिला: बाईंना दिसलं ते डॉक्टरांना दोन वर्षं दिसलं नाही, की बघायचं नव्हतं?

उत्तर १९२६ च्या निवडणुकीत मिळालं. समोर लँडिसच उभ्या होत्या. ब्राऊन सुमारे सहा हजार मतांनी हरले आणि लँडिस अमेरिकेतल्या मोठ्या शहराच्या पहिल्या महिला महापौर ठरल्या.

अर्थात त्याही दोनच वर्षं टिकल्या. १९२८ मध्ये त्यांचा पराभव झाला. सिएटलला पुढची महिला महापौर मिळाली ती थेट २०१७ साली.