२८ मे १७६८चे बीजक

शनिवार, २८ मे १७६८. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या बर्स्लेम गावातून लंडनच्या वखारीकडे चिनीमातीच्या मालाचे एक बीजक निघाले. लिहिणारा कारकून पीटर स्विफ्ट. ज्याला लिहिले तो विल्यम कॉक्स, लंडनचे काम पाहणारा. कोणाचा माल बांधून झाला, वखारीसाठी कोणता पेटारा निघाला, हा नेहमीचा मजकूर बीजकात आहेच. त्यातच स्विफ्टने कळवले आहे की तुमचे पत्र पोचले, पण त्याला उत्तर देणे आज शक्य नाही. मालकांचा पाय आजच कापला, आणि अशा प्रकारानंतर प्रकृती जितकी बरी असू शकते तितकी आहे. मग पुन्हा माल.

मालक म्हणजे जोसाया वेजवुड. वय ३७. राणी शार्लटच्या पसंतीस उतरलेली त्यांची मलईरंगी भांडी 'क्वीन्स वेअर' या नावाने खपत होती. एट्रुरिया नावाचा नवा कारखाना उभा राहत होता. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची युक्ती निघायला अजून ७८ वर्षे होती. वेजवुड खुर्चीत बसून, न ओरडता सारे पाहत होते, असे चरित्रकार सांगतात. बीजकात यातले काही नाही. त्यात फक्त 'आज' आहे, आणि माझ्या मते तो एक शब्द चरित्रांतल्या वर्णनापेक्षा जास्त मोलाचा आहे, कारण लिहिणारा त्याच दिवशी, त्याच आवारात होता.

असा कागद टिकलाच कसा? लिव्हरपूलचे जवाहिरे आणि संग्राहक जोसेफ मेयर यांना १८४८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका भंगारवाल्याकडे वेजवुडच्या कारखान्याचे जुने कागद सापडले. कारखान्यातून ते रद्दीच्या भावाने बाहेर पडले होते. मजुरीचे तक्ते आणि हिशेबाचे ताव लोणी किंवा डुकराचे मांस गुंडाळायला दुकानदारांच्या उपयोगी पडत होते. मेयरनी उरलेले सारे विकत घेतले. त्या गठ्ठ्यांच्या आधारे एलायझा मेटेयार्ड या लेखिकेने १८६५-६६ मध्ये वेजवुडचे दोन खंडांचे चरित्र लिहिले. भंगारवाल्याची ही हकीकत मेयर आणि मेटेयार्ड यांच्याकडूनच आपल्यापर्यंत आली आहे, आणि आपल्या शोधाची गोष्ट थोडी रंगवून सांगण्याचा मोह कोणालाही होतो. तरी तिचा गाभा खोटा मानायला कारण दिसत नाही. कागद कारखान्याचे आहेत आणि ते कारखान्याबाहेर मिळाले, एवढे पक्के आहे. इतिहाससंशोधक राजवाडे यांच्या दफ्तरशोधाच्या हकिकती वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला रद्दीतून निघणारा इतिहास नवा नाही.

आता मागे जाऊ. वेजवुडची जन्मतारीख नोंदलेली नाही. बर्स्लेमच्या चर्चमध्ये १२ जुलै १७३० रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही नोंद आहे. जन्म त्याच्या थोडा आधीचा मानायचा. दुसरा भक्कम कागद ११ नोव्हेंबर १७४४चा. त्या करारपत्राने १४ वर्षांचा जोसाया थोरला भाऊ थॉमस याच्याकडे पाच वर्षे कुंभारकाम शिकायला बांधला गेला. या दोन कागदांच्या मधे कुठेतरी देवीचा आजार येतो. त्यात उजवा गुडघा अधू झाला, त्यामुळे पायाने चाक फिरवणे जमेना, म्हणून लक्ष माती, रंग आणि चकाकीच्या प्रयोगांकडे वळले, अशी साखळी चरित्रांत वाचायला मिळते. पाय अधू होता आणि अखेर कापावा लागला, हे निश्चित. देवीचा आजार हे कारण संभवनीय. 'म्हणून प्रयोगांकडे वळले' हे मात्र अनुमान आहे. प्रयोगांची वही खरी आहे: १३ फेब्रुवारी १७५९ पासूनची, आणि मिश्रणांची गुपिते फुटू नयेत म्हणून आकड्यांच्या सांकेतिक भाषेत राखलेली.

पायाच्या दुखण्यानेच त्यांना आयुष्यातला सर्वांत जवळचा मित्र मिळवून दिला. १७६२ मध्ये लिव्हरपूलला जाताना पाय पुन्हा दुखावला आणि तिथेच अंथरुणाला खिळावे लागले. उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅथ्यू टर्नर यांनी थॉमस बेंटली या व्यापाऱ्याशी ओळख करून दिली. पुढे बेंटली भागीदार झाले. वेजवुडनी त्यांना लिहिलेली पत्रे शेकडोंनी शिल्लक आहेत, आणि घरातला वेजवुड आपल्याला दिसतो तो मुख्यतः याच पत्रांतून.

जानेवारी १७६४ची पत्रे पाहा. दूरच्या नात्यातल्या सारा वेजवुड यांच्याशी लग्न ठरले होते, पण सासरेबुवा पैशाच्या बोलणीत कच्चे नव्हते. वकिलांमार्फत चाललेल्या या घासाघिशीबद्दल जोसाया वैतागून लिहितात. चरित्रकार हुंड्याचा आकडा चार हजार पौंडांचा देतात. अखेर बोलणी पार पडली आणि २५ जानेवारीला लग्न लागले. त्या बुधवारी आमच्या नावाने प्याला उचला, असे मित्राला सांगणाऱ्या पत्रात धंद्याचा माणूस शोधूनही सापडत नाही.

मला सर्वांत आवडते ते मार्च १७६५चे पत्र. ते लंडनमधल्या भावाला, जॉनला, लिहिलेले आहे. पांढऱ्या मातीचे आणि चकाकीचे नवे प्रयोग सुरू केले आहेत. त्यांत आणि इतर सगळ्यातही सॅली माझी मुख्य मदतनीस आहे. तिच्यावर फार कामे पडू नयेत म्हणून सूत काढायचे चाक अडगळीच्या खोलीत टाकायला सांगितले आहे. सॅली म्हणजे सारा. थोरली मुलगी सुकी तेव्हा दोन-तीन महिन्यांची होती. साऱ्या जगाच्या दृष्टीने घरच्या बाईचे काम ते चाक. हा नवरा ते हलवून तिथे प्रयोगाला जागा करतो. वहीची सांकेतिक भाषा सारा यांना येत होती, असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. या पत्रावरून ते पटण्याजोगे वाटते, पण पत्र 'मदतनीस' एवढेच म्हणते, पुढचे अनुमान. (ही सुकी म्हणजे सुझॅना. चार्ल्स डार्विन तिचा मुलगा.)

पुन्हा १७६८ कडे येऊ. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराच्या आत, जूनमध्ये, वेजवुड स्वतः बेंटलींना लिहितात. जखम जवळजवळ भरत आली आहे. लांबी पुरती दोन इंच नाही, रुंदी दीड. आज सकाळी पट्टी बदलताना कर्कटकाने मोजली. हो, पट्टी मीच बदलली, कारण शल्यविशारदाला रजा दिली असून आता मी आणि सॅली दोघेच कारभारी आहोत.

हे वाचताना मी दर वेळी थांबतो. भांड्याच्या काठाची जाडी पाहणारा हात आपल्याच मांडीच्या जखमेवर कर्कटक टेकवतो, आणि शेजारी बायको उभी असते. 'कारभारी' हा धंद्याचा शब्द त्याने दोघांसाठी वापरला आहे. वेजवुडांच्या संसाराविषयी एकच पुरावा मागितला, तर मी हा पुढे करीन.

पण त्याच आठवड्यांत घरात आणखी काही घडले होते. पाय कापल्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटा रिचर्ड वारला. वय वर्षाच्या आतले. जखमेविषयीच्या या उत्साही ओळींत त्याचे नाव नाही. यावरून बापाला दुःख झाले नाही असा निष्कर्ष काढणे चूक. आणि दुःख लपवण्यासाठीच तो उत्साह होता, असे म्हणणे आकर्षक असले तरी आधाराविना. कागद इथे गप्प आहे, आणि त्याच्या तोंडी आपण शब्द घालू नयेत. सारा यांनी त्या जूनमध्ये नवऱ्याचा पाय आणि मुलाचा मृत्यू दोन्ही कसे सोसले, हे सांगणारी त्यांची स्वतःची ओळही या पत्रांत नाही. त्यांचा आवाज आपण नवऱ्याच्या लेखणीतून ऐकतो.

याहून मोठे भगदाड बेंटलींच्या बाजूला आहे. त्यांची पत्रे वेजवुडनी जपली, पुस्तकासारखी बांधून घेतली, आणि हीच माझी मासिके, हीच समीक्षा, जवळजवळ हेच माझे बायबल, अशा अर्थाचे लिहिले. ती पत्रे बहुतांशी नाहीशी झाली. म्हणून आपण जो संवाद वाचतो तो एकतर्फी आहे: प्रश्न हरवलेले, उत्तरे उरलेली. वेजवुड कुठे मित्राची समजूत घालतात, तर समजूत कशाची ते आपण मागून ताडायचे. १३ जून १७६९ रोजी एट्रुरियात पहिल्या फुलदाण्या चाकावर घडवल्या गेल्या. वेजवुडनी माती हाताळली आणि बेंटलींनी चाक फिरवले. त्या दिवशी बेंटलींना काय वाटले, हेही आपल्याला त्यांच्या शब्दांत मिळत नाही.

१७८० मध्ये चित्रकार जॉर्ज स्टब्स यांनी एट्रुरियाच्या आवारात सारे कुटुंब चितारले. झाडाखाली नवराबायको, थोरली मुले घोड्यांवर, धाकट्या मुली गाडीजवळ. हयात असलेली सातही मुले त्यात आहेत. चित्र टिकले आहे. काही चेहरे हुबेहूब उतरले नाहीत, ही वेजवुडची तक्रारही टिकली आहे, कारण ती त्यांनी बेंटलींना पत्राने कळवली. चित्र आणि पत्र समोरासमोर ठेवून बापाची नजर तपासता येते, असे भाग्य इतिहासात क्वचित लाभते.

त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला, बेंटली वारले. त्यानंतरच्या वेजवुडविषयी कागद कमी नाहीत. उष्णता मोजण्याचे उपकरण, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, गुलामगिरीविरोधी मुद्रा, मुलांचे शिक्षण, सगळे मिळते. सॅलीच्या आणि स्वतःच्या कारभाराविषयी, चाकाविषयी, कर्कटकाविषयी ज्या मोकळेपणाने लिहावे असा माणूस मात्र उरला नव्हता, आणि तो सूर पुढच्या कागदांत मला आढळला नाही.

३ जानेवारी १७९५ रोजी जोसाया वेजवुड वारले. सारा त्यानंतर वीस वर्षे जगल्या. रद्दीतून वाचलेले कागद आता बार्लास्टनच्या वेजवुड संग्रहात आहेत. युनेस्कोच्या जागतिक स्मृती उपक्रमातील ब्रिटनच्या यादीत २०११ मध्ये त्यांची नोंद झाली. बेंटलींच्या पत्रांचा तो बांधलेला गठ्ठा त्यांत नाही.